बारावी केमिस्ट्री: पाच जणांच्या रिव्हिजनच्या नोंदी

१७ नोव्हेंबर

आम्ही पाच जण, सगळे बार्शीत शिकणारे. आमच्यात एकमेकांना गावावरून हाक मारतात, म्हणून इथेही तसंच लिहिते: वैरागची, पांगरीचा, आगळगावचा, मी आणि दादा. दादा आमच्याच गल्लीतला. मागच्या वर्षी त्याची केमिस्ट्री राहिली. दिवसा मेडिकल दुकानात काम करतो आणि यंदा पुन्हा बसतोय. वर्गातल्या ज्यांना परवडलं ते अकरावीलाच लातूरला गेले. आमच्याकडे कॉलेजचे तास, बोर्डाचं पुस्तक आणि संध्याकाळचे तीन तास एवढंच आहे.

आता अकरावीत असलेल्या चार मुलांना पुढच्या वर्षी असाच गट करायचाय. ही वही त्यांच्यासाठी. काय चुकलं, किती दिवस गेले, किती पैसे गेले, सगळं लिहायचं असं ठरलंय.

माझे वडील आडत दुकानात दिवाणजी आहेत. शेठजींनी दुकानावरची बारदानाची खोली ६ ते ९ वापरायला दिली. जुन्या दाराच्या फळीचा फळा केला. रंग १२० रुपये, ब्रश ३० रुपये. चूक इथूनच सुरू झाली: रंग चकचकीत आणला आणि त्यावर खडू नुसता घसरत होता. पॉलिश पेपरने दोन तास घासल्यावर अक्षर उमटायला लागलं. रंग घेताना बिनचमकेचा मागा.

२० नोव्हेंबर

पुस्तकात १६ धडे आहेत. आम्ही ते वाटून घेतले. प्रत्येकाला तीन, आणि उरलेला ग्रीन केमिस्ट्रीचा धडा सगळ्यांत छोटा म्हणून मी घेतला. ज्याला जो धडा येतो त्याने त्याच्या नोट्स काढायच्या आणि झेरॉक्स करून बाकी चौघांना द्यायच्या. पांगरीच्याला न्यूमेरिकल्स येतात, म्हणून सोल्युशन्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्स त्याच्याकडे. मला ऑरगॅनिक आवडतं, म्हणून हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्ज आणि अमाइन्स माझ्याकडे, सोबत बायोमॉलिक्युल्स. प्रत्येकाने तीनच धड्यांवर मेहनत घ्यायची आणि हातात सोळाच्या नोट्स पडणार, असा हिशेब होता.

४ डिसेंबर

तो हिशेब चुकला.

दोन आठवड्यांत नोट्स तयार झाल्या, मिळून १५० पानं. चार-चार प्रती म्हणजे ६०० पानं, दीड रुपयाला एक, एकूण ९०० रुपये. आज दादाने बोर्डाच्या जुन्या पेपरांतून प्रश्न काढून २० गुणांची चाचणी घेतली. स्वतःच्या धड्यांवरचे प्रश्न प्रत्येकाने बरोबर सोडवले. दुसऱ्याच्या धड्यांवर मला मिळाले दोन गुण आणि वैरागचीला एक. आगळगावच्याचा तो भाग कोराच होता. दुसऱ्याच्या नोट्स कुणीच नीट वाचल्या नव्हत्या. मी पांगरीच्याच्या नोट्स फाइलला लावल्या होत्या, त्यावर रंगीत पेनाने शीर्षकंही लिहिली होती. तेवढ्यावर अभ्यास झाल्यासारखं वाटत होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आपल्याला आधीच येत असलेला धडा पुन्हा सुंदर अक्षरात लिहिण्यात आम्ही दोन आठवडे घालवले. जे येत नव्हतं ते आजही येत नाही. १४ दिवस आणि ९०० रुपये गेले.

५ डिसेंबर

आज पद्धत उलटी केली. ज्याला धडा येत नाही, तो फळ्यावर. आदल्या रात्री पुस्तकातून वाचून यायचं आणि आपल्याला जेवढं कळलं तेवढं बाकीच्यांना सांगायचं. ज्याला तो धडा येतो त्याने शेवटच्या बाकावर बसायचं आणि फळ्यावरचा माणूस अडला तरी तीन मिनिटं तोंड उघडायचं नाही. घड्याळ दादाच्या हातात.

ही तीन मिनिटं पाळणं सगळ्यांत कठीण गेलं. पांगरीचा चाळीस सेकंदांत उठून खडू हातात घ्यायचा. त्याने खडू घेतला की फळ्यावरचा माणूस मान डोलवायला लागतो आणि शिकणं थांबतं. मग खडू फक्त फळ्यावरच्याच्या हातात, असा नियम केला. बाकीच्यांनी बसल्या जागेवरून प्रश्न विचारायचे, उत्तर सांगायचं नाही.

“समजलं का?” हा प्रश्नही बंद केला. त्याला सगळे “हो” म्हणतात. त्याऐवजी “हे असं का, तसं का नाही?” असं विचारायचं.

९ डिसेंबर

सॉलिड स्टेट. वैरागची फळ्यावर. चांदीची घनता काढायची: फलककेंद्री घन, म्हणजे युनिट सेलमध्ये (स्फटिकाच्या सगळ्यांत लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या घनात) ४ अणू, कडेची लांबी ४०८.७ पिकोमीटर, मोलर वस्तुमान १०७.८७. तिने सूत्र बरोबर लिहिलं, किमती बरोबर घातल्या, आणि उत्तर आलं घनसेंटिमीटरला १ कोटी ५ लाख ग्रॅम. ती पुढचं उदाहरण घ्यायला निघाली. आमच्यापैकीही कुणाला काही खटकलं नाही.

आगळगावचा बारदानाच्या गठ्ठ्यावर बसला होता. तो म्हणाला, “एवढ्याशा चांदीचं वजन १०५ क्विंटल? अख्खा ट्रक भरेल.” मग सापडलं. एक पिकोमीटर म्हणजे १०⁻¹² मीटर, पण सेंटिमीटरमध्ये १०⁻¹⁰. तिने लांबी मीटरमध्ये करून ती सेंटिमीटर म्हणून वापरली होती. बाजूचा घन होत असल्यामुळे १०० पटीची चूक १० लाख पटीची झाली. बरोबर उत्तर १०.५ ग्रॅम.

त्या दिवसापासून न्यूमेरिकल संपलं की शेवटची ओळ लिहिण्याआधी उत्तर डोळ्यांसमोर आणायचं. धातूची घनता साधारण १ ते २३ च्या बाहेर गेली तर एकक तपासायचं. सॉलिड स्टेटमध्ये आमच्या चुका बहुतेक वेळा पिकोमीटरमध्येच निघाल्या.

१३ डिसेंबर

इलेक्ट्रोकेमिस्ट्री. आज जे सापडलं ते मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाने वाचावं.

आगळगावचा फळ्यावर होता. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला, आणि त्याच्या इतकं स्वच्छ कुणालाच समजवता येत नाही. पण डॅनियल सेलमध्ये तो दर वेळी अडकायचा. झिंक आणि कॉपर कुठे हे माहीत. झिंक विरघळतं, इलेक्ट्रॉन सोडतं, हेही माहीत. तरी झिंकला ॲनोड म्हणायला तो तयार नव्हता. आम्ही पंधरा मिनिटं वाद घातला. त्याचं म्हणणं एकच: “ॲनोड म्हणजे धनाग्र. झिंकवर इलेक्ट्रॉन साठतात, म्हणजे ते ऋण. मग ते धनाग्र कसं?”

पांगरीचा म्हणत होता, पाठ करून टाक. पण शंका बरोबर होती. शाळेच्या पुस्तकात ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र हे शब्द आम्ही विद्युत अपघटनाच्या धड्यात शिकलो. तिथे बॅटरी बाहेरून जोडलेली असते आणि ॲनोड तिच्या धन टोकाला असतो, म्हणून धनाग्र हे नाव तिथे चपखल बसतं. गॅल्व्हानिक सेलमध्ये वीज सेलच तयार करतो. ॲनोडवर ऑक्सिडीकरण होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून तो ऋण असतो. दोन्हीकडे न बदलणारी गोष्ट एकच: ॲनोडवर ऑक्सिडीकरण, कॅथोडवर क्षपण. चिन्ह बदलतं.

म्हणजे त्याला विज्ञान येत होतं आणि नावच त्याला आडवं येत होतं. इंग्रजी माध्यमातल्या वैरागचीला ही अडचण कधी आलीच नव्हती, म्हणून तिला ती कळूही शकत नव्हती.

उपाय असा केला: फळ्यावर बोलताना धनाग्र-ऋणाग्र वापरायचंच नाही. “ऑक्सिडीकरणाचं टोक” आणि “क्षपणाचं टोक” म्हणायचं, आणि पेपरात लिहिताना ॲनोड, कॅथोड. आगळगावच्याने ते स्वतः तीन वेळा सांगून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने अपघटनाचा सेल आणि डॅनियल सेल शेजारी-शेजारी काढून चारही चिन्हं घातली. एकही चुकलं नाही.

यातूनच दुसरा नियम आला: समजवायचं मराठीत, लिहायचं इंग्रजीत, पण दोन्ही एकाच बैठकीत. आधी नुसतं मराठीत बोलून उठायचो आणि पेपरात “कारण द्या”च्या प्रश्नाला इंग्रजी वाक्य सुचायचं नाही. आता धडा सांगून झाला की फळ्यावरच्याने त्यातल्या दोन कारणांची उत्तरं दोन-दोन इंग्रजी वाक्यांत लिहून दाखवायची. व्याकरण साधं असू दे. वैरागची तपासते.

१७ डिसेंबर

पांगरीचा तीन दिवस आला नाही. त्याने स्पष्ट सांगितलं: माझ्या सीईटीचा वेळ जातो, मला हे येतं. रागावण्यासारखं यात काही नव्हतं. न्यूमेरिकल्समध्ये त्याला आमची गरज नाही हे खरंच आहे. आम्ही मात्र त्याच्यावाचून डॅनियल सेलचं व्होल्टेज काढायच्या नर्न्स्टच्या समीकरणात अडकलो. झिंक आयन ०.१ मोलर, कॉपर आयन ०.००१ मोलर, मला १.१६ व्होल्ट आलं, वैरागचीला १.०४. दोघींचं गणित बरोबर, फक्त लॉगमधला अपूर्णांक माझा उलटा. बरोबर कुणाचं हे पुस्तक न उघडता ठरवायला आम्हाला अर्धा तास लागला. शेवटी दादाने सोडवलं: सेल चालतो तेव्हा कॉपर आयन खर्च होतात. तेच कमी असतील तर सेलचा जोर कमी पडणार, म्हणजे उत्तर १.१० पेक्षा खाली हवं. १.०४ बरोबर.

आज पांगरीचा परत आला, कारण घरी त्याला ऑरगॅनिक कन्व्हर्जन्स जमेनात. त्याने तसं सांगितलं आणि सरळ फळ्यावर उभा राहिला. ज्याला विषय येतो त्याला गटात धरून ठेवायचं असेल तर त्याला जे येत नाही ते आधी शोधा.

२१ डिसेंबर

लॉग टेबल. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि बारावीतही आमच्यापैकी तिघांना बार (लॉगमधल्या ऋण पूर्णांकावरची आडवी रेघ) नीट येत नव्हता.

हायड्रोजन आयन ०.००४५ मोलर, पीएच काढा. ४.५ चा लॉग ०.६५३२. ०.००४५ साठी ३ वर बार, पुढे .६५३२. मी बार विसरून ३.६५ लिहिलं. वैरागचीनेही तेच. बार फक्त ३ वर आहे, .६५३२ धनच राहतो. म्हणजे पीएच = ३ − ०.६५३२ = २.३५. पडताळा सोपा आहे: ०.००४५ हे ०.०१ आणि ०.००१ च्या मध्ये, म्हणून पीएच २ आणि ३ च्या मध्येच येणार.

अँटिलॉग त्याहून फसवा. −२.३४६८ चा अँटिलॉग काढताना आगळगावचा सरळ .३४६८ खाली बघायचा आणि २.२२२ आणायचा. आधी ते ३ बार .६५३२ करायचं, मग टेबल उघडायचं. आठ दिवस रोज पहिली दहा मिनिटं फक्त लॉग, असं ठरवलं. कंटाळवाणं आहे, पण सोल्युशन्सपासून कायनेटिक्सपर्यंत पाच धडे याच्यावर उभे आहेत.

२८ डिसेंबर

नेम रिॲक्शन्सची (शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांची) कार्डं झाली. कार्डपेपर विकत घेतला नाही; लग्नपत्रिका गोळा केल्या. कोऱ्या बाजूवर रिॲक्शनचं नाव, आत समीकरण. ३४ कार्डं. मूळ संच मी लिहिला, बाकी चौघांनी माझ्यावरून उतरवला. एसटीत पांगरीचा आणि आगळगावचा एकमेकांना विचारत येतात.

८ जानेवारी

प्रिलिमचे पेपर मिळाले. ७० पैकी पांगरीचा ५३, वैरागची ४४, मी ४१, आगळगावचा ३६. दादाने तोच पेपर खोलीवर सोडवला. तो आम्ही मिळून तपासला: ३३.

गुण वाईट नाहीत. पण पेपर शेजारी ठेवल्यावर मला घाम फुटला. ॲनिलिन तयार करण्याची पद्धत लिहा, या प्रश्नाला पाचही जणांनी गॅब्रिएल थॅलिमाइड लिहिली होती. पाचही चूक. गॅब्रिएलमध्ये अल्किल हॅलाइड लागतं. क्लोरोबेन्झीनसारख्या अरिल हॅलाइडमध्ये ते प्रतिस्थापन सहज होत नाही, म्हणून ॲनिलिन त्या वाटेने मिळत नाही. नायट्रोबेन्झीनचं क्षपण लिहायला हवं होतं. आणि माझ्या कार्डावर गॅब्रिएलच्या खाली मी “सर्व प्रायमरी अमाइन्स” असं लिहिलं होतं. अमाइन्स माझा आवडीचा धडा, म्हणून मी पुस्तक न उघडता लिहिलं, आणि मला येतं म्हणून कुणी तपासलं नाही. चौघांचे गुण माझ्या एका ओळीने गेले. मी सगळ्यांची माफी मागितली. वैरागची म्हणाली, उतरवताना आम्हीपण डोळे मिटूनच उतरवलं.

(इथून पुढचं नंतर लिहिलंय.) पुढचे तीन दिवस सगळी ३४ कार्डं पुन्हा केली. आता पत्रिकेच्या मागच्या बाजूला एक ओळ सक्तीची आहे: ही रिॲक्शन कुठे चालत नाही? या ओळीनेच खरं शिकवलं. कॅनिझारो: अल्फा हायड्रोजन असेल तर नाही. रोझेनमुंड: फॉर्मल्डिहाइड मिळत नाही, कारण फॉर्मिल क्लोराइड टिकत नाही. क्लेमेन्सनमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणून आम्लाने बिघडणारा गट रेणूत असेल तर वुल्फ-किश्नर. हॉफमन ब्रोमामाइडसाठी “चालत नाही”पेक्षा “एक कार्बन कमी होतो” हे लाल अक्षरात. प्रत्येक कार्ड लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी पुस्तकाशी ताडून कोपऱ्यात सही करायची. सही नाही ते कार्ड कुणी उतरवायचं नाही. तपासताना आणखी दोन चुका निघाल्या, त्यातली एक पुन्हा माझीच.

९ जानेवारी

आज दादाने एक पाकीट आणलं. मागच्या वर्षी त्याने बोर्डाकडून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. ती त्याने आजवर घरीसुद्धा कुणाला दाखवली नव्हती. कालचा माझ्या कार्डाचा प्रकार झाल्यावर त्याला वाटलं, आपणही दाखवावं.

आम्ही ती पानं दोन तास वाचली. जे आलंच नाही असे प्रश्न थोडे होते. गुण गेले होते ते बारीक-बारीक जागी. तीन न्यूमेरिकल्समध्ये उत्तराला एकक नाही. दोन समीकरणं संतुलित नाहीत. आकृतीला नावं नाहीत. “फरक लिहा”मध्ये डावीकडे एका गुणधर्माबद्दल लिहिलेलं आणि उजवीकडे भलत्याच. एका पर्यायी प्रश्नात आधी एक पर्याय लिहून खोडला, मग दुसरा. बोर्ड पहिलंच उत्तर धरतं. या सगळ्याची आम्ही बेरीज केली: ११ गुण. त्यातले निम्मे मिळाले असते तरी तो पास होता.

कुणी काही बोललं नाही. मग आगळगावच्याने फळ्याच्या उजव्या कडेला रेघ मारून एक पट्टी केली आणि लिहिलं: एकक, संतुलन, नावं, समोरासमोर, खाडाखोड नाही. ती पट्टी आता पुसायची नाही.

आमच्या सगळ्या नोट्सपेक्षा ही दहा-बारा पानं जास्त उपयोगी पडली. तुमच्या गटात कुणी रिपीटर असेल तर त्याला मागे बसवू नका.

१७ जानेवारी

खोली गेली. नवी तूर बाजारात आली. दुकानात जागा पुरेना, म्हणून शेठजींना वरची खोली हवी होती. त्यांचं बरोबरच आहे, खोली मालासाठीच आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं. दर वर्षी याच सुमाराला तूर येते. फळा जिन्यावरून उतरवताना एका कोपऱ्याचा टवका उडाला.

भोगी आणि संक्रांत धरून पाच दिवस मोडले. शेवटी दादाच्या घरची ओसरी मिळाली. उजेड कमी होता, त्याच्या आईंनी स्वयंपाकघरातला दिवा बाहेर लावून दिला.

२३ जानेवारी

प्रॅक्टिकल ३० गुणांचं आहे. कॉलेजात सरांना विनंती करून लॅबमध्ये एक जादा दुपार मिळवली. आम्ही चौघं होतो.

पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. पहिली तीन वाचनं: १०.२, ९.८, १०.६. एकमेकांशी जुळत नाहीत. कारणं एकेक करून सापडली. ब्युरेटवरचं नरसाळं काढायला विसरलो होतो, त्यातून थेंब पडत होते. परमँगनेट गडद असतं, त्याचा खालचा वक्र दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. वैरागची वरची वाचत होती आणि मी खालची अंदाजाने. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून घ्यावं लागतं. बोलत बसल्यामुळे आमचा फ्लास्क निवला आणि रंग जाईना. एकदा द्रावण तपकिरी गढूळ झालं: सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं होतं आणि मँगनीज डायऑक्साइड तयार झाला. ते वाचन सोडूनच द्यायचं, पुढे नेऊन उपयोग नाही.

मग ऑक्झॅलिकच्या सवयीने आगळगावच्याने मोअर सॉल्टचं द्रावणही तापवायला ठेवलं. ते तापवायचं नसतं. त्यातलं फेरस हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होतं आणि वाचन कमी येतं. शेवटची तीन वाचनं १०.१, १०.१, १०.१.

सॉल्ट ॲनालिसिसमध्ये एकच लिहून ठेवते: अमोनियम आहे का हे सगळ्यांत आधी मूळ क्षारावरच पाहा. तिसऱ्या ग्रुपला आपण स्वतःच अमोनियम क्लोराइड घालतो, त्यानंतर पाहिलं तर प्रत्येक क्षारात अमोनियम सापडतं. मला सापडलं होतं.

१ फेब्रुवारी

घड्याळ लावून पूर्ण पेपर. चार जुने पेपर, प्रत्येकी ८ पानं, पाच प्रती: २४० रुपये. पैशांचा हा खर्च सार्थकी लागला.

पेपरात ९८ गुणांचे प्रश्न छापलेले असतात, लिहायचे ७० चे. पहिल्या विभागात १० पर्यायी आणि ८ एका वाक्याचे, ते सगळे. मग दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ५ पैकी ३. पहिल्या पेपराला मी पहिल्या विभागातच ५० मिनिटं बसले आणि शेवटचा चार गुणांचा प्रश्न हातात असूनही राहिला. वैरागचीने दोन गुणांचे आठच्या ऐवजी दहा लिहिले. आता वाटणी अशी: २५ मिनिटं, ४० मिनिटं, एक तास, ३५ मिनिटं, आणि शेवटची २० मिनिटं फळ्यावरच्या पट्टीसाठी. दुसऱ्या पेपराला चौघांचं पूर्ण झालं. दादाचं पाच मिनिटांनी हुकलं. तो अक्षर फार जपून काढतो. त्याला मी सांगितलं की दादा, तुझं घाईतलं अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं आहे.

ऑप्शनला टाकण्याबद्दल: सुरुवातीला आम्ही पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री ऑप्शनला टाकले होते, सगळेच टाकतात म्हणून. जुने पेपर पाहिल्यावर उलट केलं. हे धडे छोटे आहेत, यांत न्यूमेरिकल जवळपास नाही, आणि एका संध्याकाळी दोन्ही उरकले.

७ फेब्रुवारी

वैरागची आठवडाभर येणार नाही. ज्वारी काढणीला आली आणि मजूर मिळेनात, घरातले सगळे रानात. दिवसभर काढणी करून रात्री ८ ला ती फोन करते. ओसरीवर फोन मधोमध ठेवतो.

फोनवर फळा नाही, आकृती नाही. मला वाटलं होतं कोऑर्डिनेशन कंपाउंड्स असे होणारच नाहीत. पण तिने निकेलचे तीन कॉम्प्लेक्स तोंडी सांगितले. निकेल टेट्राक्लोराइड आयन: क्लोराइड दुबळा, जोड्या लागत नाहीत, दोन इलेक्ट्रॉन एकटे, एसपी३, चतुष्फलकीय, २.८३ बोर मॅग्नेटॉन. सायनाइडचा: सायनाइड जोरकस, आठही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, एक डी कक्षा मोकळी, डीएसपी२, समतल चौरस, एकटा कुणी नाही. कार्बोनिलचा: तिथे निकेलवर भारच नाही, दहाही इलेक्ट्रॉन डी कक्षेत जोडीने, म्हणून एसपी३ असूनही चुंबकीय ओढ नाही. हे सांगताना ती एकदा थांबली, “थांबा, म्हैस सुटली,” म्हणाली, पाच मिनिटांनी परत आली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं.

त्यानंतर आम्ही सगळेच आठवड्यातून दोन दिवस फळा झाकून बसतो.

केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी

दुपारी फक्त कार्डांच्या मागच्या बाजू आणि लॉगची दहा मिनिटं. नवीन काही उघडलं नाही. ६ वाजता थांबलो.

खर्च: रंग आणि ब्रश १५०, खडू ८०, नोट्सच्या झेरॉक्स ९००, जुने पेपर २४०, फुलस्केप कागद १५०. एकूण १,५२० रुपये. तुम्ही नोट्स वाटू नका, म्हणजे ६२० त भागेल. वाया गेलेले दिवस: नोट्सचे १४, चुकीच्या कार्डांचे ३, खोलीचे ५.

सकाळी वैरागची ६ च्या एसटीने येणार आहे. गाडी चुकली तर आगळगावच्याचे काका मोटारसायकलवर घेऊन येतील, तसं बोलून ठेवलंय. दादाचं केंद्र वेगळं आहे. निघताना त्याने छायाप्रतीचं पाकीट माझ्याकडे दिलं, अकरावीच्या मुलांना दाखव म्हणाला.

फळा त्याच्या ओसरीत उभा आहे. डावी बाजू पुसली, उजवी पट्टी तशीच ठेवली. तूर बाजारात गेली की मार्चमध्ये वरची खोली मोकळी होईल, शेठजींना विचारून ठेवलंय. फळा वर नेताना कोपरा सांभाळा. आणि जानेवारीसाठी दुसरी जागा आत्ताच बघून ठेवा.